गावाला शत्रू नेमणे आहे

आमच्या गुरुजींना एक खोड आहे. कुणी काही विचारलं की सांगत बसायचं. समोरच्याला कळलं का, पचलं का, तो त्याचं पुढं काय करणार, याचा विचार नाही. उभा जन्म इतिहास शिकवला, निवृत्त झाले, पण खडू काही हातातून सुटला नाही. मी त्यांची बायको, मरिया. इतकी वर्षं मी त्यांचं ऐकलं, आता जरा माझं ऐका.

आमचं बोरखडी पाथर्डी तालुक्यातलं. पाऊस कमी आणि पुढारी लई. सरपंच आप्पासाहेबांच्या डोक्यात आदर्श गावाच्या बक्षिसाचं खूळ बसलेलं. जीप भरून माणसं घेऊन ते राळेगणसिद्धी बघून आले. तिथल्या लोकांनी बिचाऱ्यांनी बांध दाखवले, विहिरी दाखवल्या, चराईबंदी-कुऱ्हाडबंदी समजावून सांगितली. आप्पासाहेबांनी सगळं डोळे भरून पाहिलं आणि त्यातली बंदी तेवढी घरी आणली.

दुसऱ्या दिवशी ते आमच्या ओट्यावर आले. आमच्या धाकटीचं, एंजलचं, लग्न नाताळानंतर ठरलं होतं. अंगणात मांडव आणि अख्ख्या गावाला जेवण. पोरीचं एकच मागणं होतं, "आई, ज्यांनी मला कडेवर खेळवलं ती सगळी पंगतीला पाहिजेत." मीसुद्धा अंगणवाडीत गावची निम्मी पोरं खेळवलेली, त्यामुळे मलाही तेच हवं होतं. आप्पासाहेब आले होते मांडवाचं बोलायला, पण गुरुजींच्या हातात पुस्तक दिसलं.

"फॅसिझम म्हंजी काय असतंय हो, गुरुजी?"

झालं! गुरुजींनी चष्मा पुसला. "शंभर वर्षांपूर्वी इटलीत निघालं हे. शब्दाच्या मुळाशी आहे मोळी. काठ्या आवळून बांधायच्या, मधे कुऱ्हाड खोचायची. पुढारी एकच, बाकीच्यांनी माना हलवायच्या. आपण पूर्वी फार थोर होतो आणि कुणीतरी आपलं वाटोळं केलं, हे रोज सांगायचं. पोशाख एक, घोषणा एक. प्रश्न विचारील तो फितूर. आणि शत्रू पाहिजेच. नसला तर तयार करायचा, नाहीतर मोळी सुटते."

आप्पासाहेबांचा चहा निवून गेला. "गुरुजी, ही योजना कंच्या खात्याची?"

"अहो, योजना कसली! रोग आहे तो. त्या मोळीतली कुऱ्हाड शेवटी काठ्यांवरच चालते."

"ते ऱ्हाऊ द्या. पन गाव एक हुतंय न्हवं?"

आठवड्याच्या आत वेशीत नवा फलक लागला. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी आणि खाली ठळक अक्षरात प्रश्नबंदी. दारूचं दुकान आप्पासाहेबांच्या मेव्हण्याचं, म्हणून ते तेवढं चालू राहिलं. का चालू आहे हे विचारायची सोय नव्हती, प्रश्नबंदी होती ना! गडीमाणसांना पिवळ्या टोप्या वाटल्या. गावाचा थोर इतिहास लिहायचं काम गुरुजींकडे आलं. ते म्हणाले, "मला दुष्काळ सोडून काही सापडत नाही." मग ग्रामसभेनं ठरावच केला की बोरखडीत पूर्वी सोन्याचा धूर निघत होता आणि तो कुणीतरी चोरून नेला. धूर कसा चोरतात देव जाणे.

राहता राहिला शत्रू. आधी शेजारच्या गावाला करायचं घाटत होतं, पण आमच्या निम्म्या सुना तिथल्या. बाया म्हणाल्या, "आमच्या माहेराला शत्रू म्हनाल तर भाकरी तुमची तुमी थापा." ते शत्रुत्व चुलीपाशीच मिटलं.

मग आमचा शेजारी कारभारी उठला. भिंतीला भिंत लागून घर याचं. म्हणतो कसा, "गुरुजीच घ्या की! भाऊबंद न्हाईत, चर्चला जात्यात, जरा येगळं दिसत्यात. आन मानूस समजूतदार हाय, राग धरनार न्हाई."

आप्पासाहेब शाल-नारळ घेऊन आमच्या दारात! "गुरुजी, बक्षिसापुरतं शत्रू व्हा. दुसऱ्या कुनाला म्हनलं तर वाईट वाटंल."

गुरुजींना हसू आवरेना. त्यांनी शाल घेतली. मी आत ओढून विचारलं, "अहो, डोकं ठिकाणावर आहे का?"

"मरिया, चार दिवसांचा पोरखेळ हा. आपलीच माणसं आहेत."

सुरुवातीला खरंच खेळ होता. सकाळी टोप्या घालून माणसं यायची, दारात "गावशत्रू मुर्दाबाद" करायची आणि मागच्या दारानं चहाला यायची. कारभारी तर घोषणा देता देता ओरडायचा, "वयनी, आलं टाका जरा!"

मग चहा बंद झाला. घोषणा तेवढ्या राहिल्या. डेअरीवाल्यानं आमच्या गाईचं दूध परत पाठवलं, म्हणाला, "वरनं सांगितलंय." नळाचं पाणी आमच्या दारापर्यंत येईना. कुणीतरी म्हणालं, हे मूळचे इथले न्हाईतच. माझ्या सासऱ्यांचा आजा इथल्याच मातीत पुरलेला आहे! नाताळाला एंजलनं दारात चांदणी लावली, ती कुणीतरी दगडानं फोडली. दगड मारणारं पोरगं मी ओळखलं. त्याला चालायला मी शिकवलं होतं. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात बसून ढसाढसा रडले.

लग्नाच्या पत्रिका घेऊन घरोघर गेले, तर दारं लावलेली. एकटी छबूबाई तेवढी आली. शेळ्या राखून पोट भरणारी विधवा बाई, एंजलला तिनं सगळ्यात जास्त कडेवर घेतलेलं. पदर खोचून ती मांडवाचे तांदूळ निवडायला बसली. म्हणाली, "मला कोन काय करतंय? माझ्याकडं टोपी न्हाई आन टकुरंबी न्हाई."

व्याह्यांच्या कानावर सगळं गेलं. त्यांनी निरोप धाडला, लग्न नगरला उरकू. गुरुजींनी आप्पासाहेबांना सांगितलं, "आम्ही नगरलाच राहायला जातो."

आप्पासाहेबांचा चेहरा पडला. "असं कसं, गुरुजी! बक्षिसाची समिती यायचीय. शत्रूच गेला तर गाव एक कसं ऱ्हाईल?" आम्ही जाणार एवढ्या बातमीवरच दोघा भावांनी बांधावरून एकमेकांची डोकी फोडली होती.

तातडीनं ग्रामसभा बोलावली, आम्हालाही मानानं बोलावणं आलं. शाळेच्या मैदानात सगळी पिवळी टोपी. तेवढ्यात छबूबाई उभी राहिली आणि म्हणाली, "कारभारीची गुरं डोंगरात चरत्यात, मग बंदी माझ्याच शेळ्यांला का?"

मग आप्पासाहेबांचा चेहरा असा खुलला, जणू बक्षीसच हातात पडलं. "प्रश्न इचारला! समद्यांनी ऐकलं न्हवं? हीच खरी शत्रू!" आणि गुरुजींकडे वळून लोण्यासारखं मऊ बोलले, "गुरुजी, तुमी सुटला. ठरावाला हात वर करा, झालं गेलं इसरून जाऊ. पोरीच्या लग्नात अख्खं गाव वाढपाला येतंय बघा."

परमेश्वर साक्षी आहे, मला तो हात वर हवा होता. मला माझ्या पोरीची पंगत दिसत होती. मी कुजबुजले, "करा हो. एवढी एक वेळ करा."

गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं, छबूबाईकडं पाहिलं. सगळ्या मैदानाचे हात वर होते. मग त्यांचाही हात वर गेला, पण मूठ नव्हती, पंजाही नव्हता. एकच बोट होतं. वर्गात पोरं शंका विचारायला करतात तसं. जन्मभर त्यांनी पोरांना हीच शिस्त लावली होती, आधी बोट वर करायचं, मग बोलायचं.

"गुरुजींचाबी हात!" आप्पासाहेब ओरडले. "एकमतानं मंजूर!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. गुरुजी उठले, तोंड उघडलं. मी त्यांचा सदरा धरून त्यांना खाली ओढलं. "बसा हो, तुम्हाला एंजलची शपथ!" ते बसले.

लग्न गावातच, आमच्या अंगणात, झोकात झालं. कारभारीनं स्वतः पंगतीत बुंदी वाढली, डोळे पुसले, म्हणाला, "पोरगी माझीच समजा." ज्यांनी ज्यांनी एंजलला कडेवर घेतलं ती सगळी जेवली, एक सोडून. एंजलनं मला दोनदा विचारलं, छबूमावशी कुठं आहे. मी म्हणाले, येईल.

पाठवणी झाल्यावर गुरुजींनी ताट वाढून घेतलं, मी पाण्याचा तांब्या घेतला. छबूबाईच्या दारावर कोळशानं "गावशत्रू" लिहिलं होतं. तिनं दार उघडलं, आमच्याकडं बघितलं.

गुरुजींनी ताट पुढं केलं. "छबूबाई, मी ठरावाला हात वर केला नव्हता. मला प्रश्न विचारायचा होता."

"प्रश्नाला हात कशाला लागतोय, गुरुजी?" ती म्हणाली. "तोंड लागतंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताट तिनं घेतलं. दोन्ही हातांनी, मानानं घेतलं, आणि नेऊन शेळ्यांपुढं ठेवलं.