मान्यता नसलेलं उपकरण

“काहीही विचारलं तरी ‘नंतर’ दाबायचं. ‘हो’ला बोट लावायचं नाही आणि वाचत बसायचं नाही,” असं ताईंनी तिला बजावलं होतं. अकरा महिने तिने ते नेमाने पाळलं. अंघोळ झाली की आधी खेळाचं यंत्र चालू करायचं, अपडेटची पाटी आलीच तर ‘नंतर’ दाबायचं, मग रुग्णालयाच्या धुलाईघरात कामावर जायचं.

आज पडद्यावर ‘नंतर’ नव्हतंच. ‘ठीक आहे’ लिहिलेला एकच चौकोन होता आणि त्याखाली आकडे उतरत होते. नऊ, आठ, सात. तिने हातातलं टाकून भिंतीतली पिन उपटली. यंत्र विझलं. वाचलं, असं तिला वाटलं, आणि ती नवऱ्याला उठवायला गेली.

तिची आज सुट्टी होती. तिने त्याचं तोंड धुतलं, दात घासून दिले, शर्टाची बटणं लावली. पडद्यावर काय आलं होतं तेही सांगितलं. त्याने मान हलवली, पण त्याचं लक्ष नव्हतं. शनिवारी सामना होता आणि आज सराव. खुर्चीवर बसून त्याने दोन्ही पाय पुढे केले, तशी तिने पायांखाली ताईंचा बोर्ड सरकवला.

हा बोर्ड म्हणजे एक फळी होती. तिच्यावर जुन्या शिलाई मशीनचं पायडल, दाराच्या घंटीची आठ बटणं आणि गाडीच्या पायपुसण्याचं रबर. ताई म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण; ती रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात तारांना डाग द्यायचं, सोल्डरिंगचं काम करी. तिने चार रविवार घालवून तो जुळवला होता. “लहानपणापासून सगळी दुनिया पायाखाली पाहिजे होती ना तुला? घे,” असं म्हणत तिने तो त्याच्यापुढे ठेवला, तेव्हा अपघातानंतर तो पहिल्यांदा हसला होता.

कारखान्यातली प्रेस दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय खाली यायची नाही. कुणाचा हात साच्यात राहू नये म्हणून तशी सोय होती. पण त्याने कामाचे नग कमी पडत. म्हणून सगळेच जण एका बटणात पुठ्ठ्याची घडी ठोकत, दुसरं मांडीने दाबत आणि हात मोकळे ठेवत. त्या दिवशी पत्रा तिरका बसला. तो सरळ करायला दोन्ही हात आत गेले आणि मांडी हलली. उजवा हात मनगटापासून गेला. डाव्याचा अंगठा तेवढा उरला.

खेळात मात्र त्याला दहा बोटं होती. पायांनी तो बंदूक भरी, नेम धरी, दोनशे पावलांवरचं डोकं उडवी. चार अनोळखी माणसं त्याला ‘गरुड’ म्हणत. त्याला हात नाहीत हे त्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. एकदा त्याचा नेम चुकला तर त्यांच्यातला एक म्हणाला होता, “हात काय पायाला बांधलेत का रे?” तो इतका हसला होता की तिला पाठ चोळावी लागली.

तिने पिन लावली. यंत्र सुरू झालं आणि सकाळी अर्धवट राहिलेलं अपडेट त्याने आपणहून पुढे चालू केलं. कुणालाच काही विचारलं नाही. तासाभराने पडद्यावर अक्षरं उमटली. जोडलेलं उपकरण मान्यताप्राप्त नाही. सुरक्षेसाठी ते बंद करण्यात आलं आहे.

त्याने पायडल दाबलं. पुन्हा दाबलं. पडद्यावरचा माणूस हलला नाही.

मदतीच्या नंबरवर तिने फोन लावला आणि मोठ्या आवाजावर टाकला. वीस मिनिटं एकच बाई पुन्हा पुन्हा त्यांच्या संयमाचं कौतुक करत राहिली. मग एक मुलगी बोलली. आवाज गोड होता. तिला त्याने दोनदा समजावलं. ती म्हणाली, समजलं सर, अगदी सोपं आहे.

“कंपनीचा कंट्रोलर दोन्ही हातांत घट्ट धरा, आणि दोन्ही अंगठ्यांनी दोन बटणं एकदम दाबा.”

त्याने पायानेच फोन उडवला. फोन कपाटावर आपटला. मग तो उठला आणि पडद्याच्या मधोमध टाच घातली. काच आतल्या आत तडकली. दुसऱ्या लाथेने पडदा मागे भिंतीवर गेला, तिसऱ्या लाथेला यंत्र जमिनीवर. त्यावर तो दोन्ही पायांनी नाचला. प्लास्टिक फुटून तळव्यात घुसलं, तरी थांबला नाही.

“अहो, पाय. पाय बघा तुमचा.”

ती वाकून बोर्ड बाजूला ओढत होती. तेवढा तरी वाचावा, एवढंच तिच्या मनात होतं.

“तूच दाबलंस,” तो म्हणाला. “एवढं एक काम होतं तुला.”

पहिली लाथ बरगडीत बसली. अकरा महिने तो पाय नेम धरायला शिकला होता. श्वास घेण्यासाठी ती वळली, तर दुसरी त्याच जागी बसली. आत काहीतरी काटकी मोडल्यासारखं वाजलं. ती भिंतीशी सरकली तसा तो तिच्यावर वाकला आणि उजवा थोटा हात तिच्या कानशिलावर आणला. पुन्हा आणला. हाडावर हाड आपटलं. तिच्या डोळ्यांत रक्त उतरलं. ती ओरडली नाही. खाली शिंपी राहत होता आणि त्याची बायको सगळं ऐकते, हे तिला तेव्हाही आठवलं.

पुढच्या वेळी त्याचा तोल गेला. सावरायला हात नव्हते. तो तोंडावर पडला.

 मग ती उठली. त्याच्या काखेत हात घालून त्याला बसवलं. त्याचा ओठ फाटला होता. तिने त्याचं तोंड पुसलं, त्याच टॉवेलने आपलं पुसलं आणि चिमट्याने त्याच्या तळव्यातले तुकडे काढले. तो रडत होता. नाक पुसायलाही तिच्याकडेच बघत होता. तिने पुसलं.

“मी असा नाही,” तो म्हणाला. “तुला माहीत आहे. ताईकडे जा. म्हणावं, बोर्डात काय बदलायचं ते बदल. यंत्र मी कुणाचं तरी मागून आणतो. बोर्ड चालू झाला की पुन्हा असं होणार नाही बघ.”

बरं, म्हणाली ती.

बोर्ड आणून दिला त्या दिवशी ताईंनी तिला जिन्यात थांबवलं होतं. आमचे वडील वाईट नव्हते, हे सांगून सुरुवात केली होती. त्यांची नोकरी गेली तेव्हा आईने पहिला मार सोडून दिला, दुसराही सोडून दिला, पुढे मोजणंच सोडलं. मग ताईंनी तिचा हात आपल्या हातात घेतला. बोटांना डागाचा वास होता.

“त्याने एकदा जरी हात उचलला, तर त्याच दिवशी माझ्याकडे यायचं. कायमचं. मी त्याची बहीण आहे म्हणून लाजायचं नाही. वचन दे.”

तिला तेव्हा राग आला होता. हे तसे नाहीत, आणि उचलायला हात तरी कुठे राहिलेत, असं ती बोलून गेली होती. तरीही ताईंनी हात सोडला नाही. देव करो आणि तसंच राहो, म्हणाल्या, पण वचन दे. मग तिने दिलं होतं.

तिने दूध गरम करून थंड केलं आणि उंच पेल्यात ओतून त्यात नळी घातली. पावाचे घास करून ताटलीत मांडले. त्याच्या डाव्या हाताला चमच्याचा पट्टा बांधला. घट्ट होतो का विचारलं. पाणी, औषधाच्या सुट्या गोळ्या, पांघरूण, सगळं खुर्चीएवढ्या उंचीवर आणून ठेवलं. मोठ्या पिशवीत तळाला दोन जोड कपडे, कामाचं ओळखपत्र आणि तिच्या आईने दिलेली देव्हाऱ्यातली लहानशी मूर्ती ठेवली. वर बोर्ड ठेवला. पिशवी उचलताना बरगडीत कळ आली, म्हणून ती खांदा बदलून उभी राहिली.

“किती वेळ लागेल तुला?”

“ताईंना बोर्ड पोचवते,” ती म्हणाली. “खालच्या वहिनींना सांगून जाते. त्या संध्याकाळी येतील. उद्याही येतील.”

“उद्या कशाला?”

तिने पायांत चपला घातल्या. दाराची कडी त्याला काढता येत नसे, म्हणून दार नुसतं लोटून घेतलं. जिन्यात कठडा धरून ती एकेक पायरी उतरली आणि खालच्या मजल्यावर शिंप्याच्या दाराशी थांबून, पदर डोळ्यावर ओढून, तिने घंटी वाजवली.