दाब... धर... सोड

घड्याळजींच्या मुलीला जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षी हे घडले. सालाचा आकडा मला सांगता येणार नाही. लोखंडाला सनावळी कळत नाही. पण त्या दोघी आता सायकल चालवतात, म्हणजे वर्षे बरीच झाली. तरी ती सकाळ आठवली की आजही माझ्यावर मोठा घाव बसल्यासारखे होते.

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीचे ब्रेकचे पेडल आहे. मोटार आता नाही, मी आहे. घड्याळजी ज्यावर घड्याळे दुरुस्त करतात त्या टेबलावर, चिमटे, भिंग आणि केसाएवढ्या बारीक स्प्रिंगांच्या शेजारी मी पडून असते. गिऱ्हाइके मला उचलून बघतात आणि विचारतात, "हे कुठल्या घड्याळाचं हो?"

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लोखंडाची पट्टी तापवून वाकवली, एका टोकाला भोक पाडले, दुसऱ्या टोकाला आडव्या रेघांचा रबरी तळवा चढवला. झाले माझे शरीर. माझे काम एकच. माणसाने पाय ठेवला की मी आत जायचे, माझ्या मागची दांडी तेलाला रेटायची, ते तेल बारीक नळ्यांतून चारही चाकांपर्यंत धावायचे आणि चाके थांबवायची. पाय उचलला की मी परत वर यायचे. इतके सोपे. वेगाचे कौतुक सगळे करतात. थांबण्याचे कोणी करत नाही. मला त्याचे वाईट वाटत नसे.

मुलगी पहिलीत गेली तेव्हा घड्याळजींनी ही मोटार दुसऱ्याच्या हातची घेतली. तेव्हापासून मी या घरातली माणसे तळव्यांवरून ओळखू लागले. घड्याळजींचा पाय हलका, मोजून मापून टेकणारा. मुलीचा पाय पुढे मोठेपणी आला, तो धसमुसळा. आणि घड्याळजींच्या बायकोचा पाय, ज्यांना सगळी आळी काकू म्हणत, तो अनवाणी, रुंद, टाचेला भेगा पडलेला. काकूंना गाडी चालवता येत नव्हती. तरी मला सर्वांत नीट ओळखणारा पाय त्यांचाच.

ते असे. घड्याळजी मोटारीला कधी गॅरेजात जाऊ देत नसत. तेल बदलणे, प्लग साफ करणे, पट्टा ताणणे, सगळे घरच्या अंगणात. ब्रेकच्या नळ्यांत हवा शिरली तर ती काढायला दोन माणसे लागतात. एकाने चाकाशी बसून बारीक बोल्ट सैल करायचा, दुसऱ्याने आत बसून मला दाबायचे. घड्याळजी चाकाखालून ओरडत, "दाब!" काकू दाबत. "धर!" काकू धरत. तिकडे तेलातून बुडबुडे निघत. बोल्ट घट्ट झाला की, "सोड!" असे एकेका चाकाला वीस-पंचवीस वेळा.

"लग्न झाल्यापासून हेच चाललंय," काकू आतून म्हणत. "तुम्ही म्हणाल तेव्हा दाबा, तुम्ही म्हणाल तेव्हा सोडा."

"मग गाडी कशी चालली इतकी वर्षं?"

"गाडी चालली हो. संसाराचं मी बोलतेय."

काकू बसल्या बसल्या मांडीवर लोकरीचे विणकाम घेत. सुया हातात, मी पायाखाली. विणकामातले टाके चुकायचे, माझ्यावरचा पाय कधी चुकला नाही.

मुलीला जुळ्या झाल्या आणि ती दोन महिने आईकडे राहिली. परत जायची वेळ आली. तिचे घर दूर, वाटेत घाट. घड्याळजी म्हणाले, "माझ्या नाती बसणार आहेत. ब्रेकची सगळी रबरं नवी टाकतो."

मोटार घेऊन ते गॅरेजापाशी गेले. गॅरेजवाल्याला सगळे ग्रीसभाऊ म्हणत, कारण त्याचा हात कधी कोणी कोरडा पाहिला नव्हता. मोटारीचे दार उघडे होते, म्हणून मी सगळे ऐकले.

"रबराच्या वाट्या द्या, चारही चाकांच्या. आणि ब्रेक ऑइलचा डबा."

"मी बसवून देतो की घड्याळजी. अर्ध्या दिवसाचं काम."

"नको."

"बरं, मग बसवताना एक गोष्ट..."

"ग्रीसभाऊ, चाळीस वर्षं यंत्रं उघडतोय मी. तुमच्या बोटाएवढ्या घड्याळात शंभर भाग असतात. यात किती? चार?"

ग्रीसभाऊ हसला. "तुमच्यापुढे आम्ही लोहारच. पण मनगटावरचं बंद पडलं तर माणूस ऑफिसला उशिरा पोचतो, एवढंच."

त्याची ती एक गोष्ट सांगायची राहून गेली. मित्रांनो, पुढचे सारे त्या राहून गेलेल्या वाक्यातून आले.

रविवारी अंगणात चादर पसरली गेली. घड्याळजींनी चाके काढली, आतले लहान लहान सिलिंडर खोलले आणि भाग ओळीने मांडले. त्यांचे काम पाहण्यासारखे असे. मग त्यांनी दुकानातली चिनी मातीची वाटी आणली. त्या वाटीत ते घड्याळाचे भाग पेट्रोलमध्ये धूत. कुठलाही भाग आधी पेट्रोलने निर्मळ करायचा, मग सुईच्या टोकाने एक थेंब मशीनचे तेल द्यायचे आणि मगच बसवायचा. ही त्यांच्या गुरूची शिकवण, आणि चाळीस वर्षांत ती एकदाही मोडली नव्हती.

नवी रबरे त्यांनी तशीच धुतली. नातींसाठी म्हणून दोनदा धुतली. मग प्रत्येकाला एकेक थेंब तेल.

मी वरून पाहत होते. मला वाटले, किती काळजी घेतात! मलाही कळले नाही. घड्याळ पितळेचे असते, पोलादाचे असते. त्यात रबर नसते. ब्रेकच्या रबराला त्याच्या स्वतःच्या तेलाखेरीज काही चालत नाही. पेट्रोल आणि मशीनचे तेल लागले की ते फुगते, मऊ पडते. एका दिवसात दिसत नाही. हळूहळू होते.

मग काकू आत बसल्या. दाब, धर, सोड. दुपारपर्यंत हवा निघाली. मी ताठ झाले. घड्याळजींनी गल्लीत चक्कर मारली आणि म्हणाले, "नव्यासारखा!"

चार दिवस गेले. गुरुवारी काकू गाडी पुसायला आल्या. मागच्या सीटवर दुपटी अंथरली, काच पुसली, आणि चालकाच्या जागी बसून सवयीने माझ्यावर पाय ठेवला. दाबला. सोडला. मी वर यायला निघाले खरे, पण अर्ध्या वाटेत रेंगाळले. मागून कोणीतरी धरून ठेवल्यासारखे झाले. मलाच धक्का बसला.

काकूंनी पुन्हा दाबून पाहिले. "अहो, हे वर यायचा कंटाळा करतंय."

"नवं रबर आहे. नवी चप्पलसुद्धा चावते चार दिवस."

"चप्पल चावली तर एक पाय सुजतो."

"अगं, तुला गाडीतलं काय कळतं?"

"गाडीतलं नाही कळत. याचं कळतं," काकू म्हणाल्या आणि मला टाचेने हळूच ठोकले. "इतकी वर्षं पायाखाली आहे माझ्या. हे असं वागत नाही."

मुलगी दारात उभी होती, एक बाळ खांद्यावर घेऊन. ती म्हणाली, "आई, उद्या सकाळी निघायचंय. आता नवीन काही काढू नकोस."

काकू उतरल्या. "उद्या बाळांना बसवायच्या आधी आम्ही दोघं पाण्याच्या टाकीच्या उतारावरून एकदा जाऊन येतो. मगच माझ्या नाती या गाडीत बसतील."

"ठीक आहे बाई," घड्याळजी हसले. "तुझ्या पायाची खात्री पटू दे."

शुक्रवारी सकाळी आम्ही निघालो. पुढे दोघे, मागे रिकामी दुपटी. पाण्याच्या टाकीपर्यंतचा चढ चढलो आणि वळलो. उतार लागला. घड्याळजींनी मोजून मापून पाय टेकवला.

मी खाली गेले. खाली गेले, आणि पुढे काहीच नव्हते. मी थेट गाडीच्या तळाला आपटले. आयुष्यात कधी मी तळ पाहिला नव्हता. मागे तेलाचा रेटाच उरला नव्हता. फुगलेली रबरे फाटली होती आणि तेल चाकांत गळून गेले होते. घड्याळजींनी मला पुन्हा दाबले, पुन्हा, पुन्हा. मी दर वेळी तळाला. त्यांनी हातब्रेक ओढला. मागची चाके तेलाने माखली होती, तीही धरेनात. त्यांनी गियर उतरवला, गाडी किंचाळली आणि तरी धावतच राहिली. खाली चौक होता, माणसे होती. त्यांनी गाडी कडेच्या दगडी भिंतीला घासत नेली.

आणि मी ते पाहिले, जे मी विसरू शकत नाही. काकूंनी पाय दाबला होता. त्यांच्या बाजूला पेडल नव्हते, नुसता पत्रा होता. तरी सगळी ताकद लावून त्यांनी तो दाबला आणि धरून ठेवला.

त्यांच्या बाजूला दिव्याचा खांब आला. गाडी थांबली.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात ग्रीसभाऊने सिलिंडर खोलले. घड्याळजींचे मनगट प्लास्टरमध्ये होते. ग्रीसभाऊने एका तळहातावर ते फाटके रबर ठेवले, दुसऱ्यावर नवे. फाटके दीडपट फुगले होते.

"हे कशात धुतलंत?"

"पेट्रोलमध्ये."

"आणि?"

"एकेक थेंब तेल दिलं. मशीनचं."

ग्रीसभाऊ टायरवर मटकन बसला.  मग म्हणाला, "तेच सांगत होतो हो मी. तेच."

घड्याळजींनी खिशातून भिंग काढले आणि डोळ्याला लावले. नुसत्या डोळ्यांनी दिसत होते, तरी लावले. भिंग डोळ्यावरून निसटले, खाली पडले आणि फुटले. ते त्यांनी उचलले नाही. इतकेच म्हणाले, "हे पेडल तेवढं मला काढून द्या."

म्हणून मी इथे आहे. कोणी विचारले की घड्याळजी हातातले काम बाजूला ठेवतात आणि सारे सांगतात. पेट्रोलची वाटी, राहिलेले वाक्य, "तुला काय कळतं" हे सुद्धा. एक अक्षर लपवत नाहीत. कोणी घरीच ब्रेक खोलणार असेल तर त्याला आधी ग्रीसभाऊकडे पाठवतात आणि बजावतात, "तो काय सांगतो ते पूर्ण ऐकून घे. मध्ये बोलू नकोस."

मित्रांनो, आपल्या हाताने काम करा, त्यात कमीपणा नाही. पण हातातली वस्तू कशाची बनली आहे ते आधी विचारा. एका कामातले शहाणपण दुसऱ्या कामात जसेच्या तसे नेऊ नका. आणि जो रोज त्या वस्तूला हात लावतो, पाय लावतो, तो "काहीतरी बिघडलंय" म्हणाला तर हसू नका. थांबा.

जुळ्या मुली त्या दिवशी गाडीत बसल्या नाहीत.

काकू इस्पितळात नऊ दिवस होत्या. नातींना दोन महिने आणि दहा दिवस झाले त्या दिवशी, रविवारी, सकाळी सव्वासहा वाजता त्या वारल्या.