सेहेचाळिसावा प्रश्न

मरणाच्या आदल्या दिवशीही महेबूबभाईंनी सकाळी नऊ वाजता चष्मा पुसला, प्रुफाच्या कागदावर लाकडी पट्टी ठेवली आणि लेकीला हाक मारली, "नाझनीन, मूळ प्रत घे. वाच."

नाझनीन लातुरातल्या एका क्लासच्या प्रकाशन विभागात होती. डबा भरता भरता तिने सांगितलं, संध्याकाळी बसू. ते म्हणाले, "संध्याकाळी माझे डोळे सुट्टीवर असतात, तुझ्या साहेबासारखे." ती हसली आणि निघून गेली.

घरात बापलेक दखनी बोलत, पण प्रुफाला बसले की मराठीच. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने प्रुफावर पट्टी सरकवत जायची, ही रीत भूकंपानंतरची. तेव्हा महेबूबभाईंच्या प्रेसमध्ये मृतांची यादी छापायला आली होती. घाईत त्यांनी ती एकट्यानेच तपासली. आठवड्याने सिद्धम्मा नावाची बाई यादीचा कागद घेऊन प्रेसच्या दारात उभी राहिली. "हे नाव माझं हाय," ती म्हणाली, "आन् मी हितं हाय." त्यानंतर त्यांनी एकट्याने प्रूफ पाहिलं नाही. आधी त्यांची बायको जन्नतबी वाचून दाखवायची. ती गेल्यावर नाझनीन.

पुढे लातुरात क्लास वाढले, गावोगावची पोरं खोल्या करून राहू लागली, प्रश्नसंचांचे ढीग लागले. नाझनीनच्या क्लासचा एकही संच महेबूबभाईंची पट्टी फिरल्याशिवाय छापला जात नसे.

ते बंद पडलं, ते नाझनीनमुळे. क्लासच्या टेलिग्राम ग्रुपवर लातूर-नांदेडची चौदा हजार पोरं होती. कच्चा संच तिथेच टाकू, चूक शोधणाऱ्याचं नाव पुस्तकात छापू, असं तिने साहेबांना सुचवलं. अब्बांनी आठ दिवस तपासलेला एक संच तिने करून बघायचं म्हणून टाकला. दुपारच्या जेवणापर्यंत त्यात आणखी एकोणीस चुका निघाल्या. पोरांचं काम चोख होतं. तिला ते नाकारता येईना. साहेब म्हणाले, आता वडलांना आराम द्या.

हे तिने घरी सांगितलं नाही. दोन वर्षं ती छापून झालेल्या संचांची प्रुफं घरी आणत राहिली. अब्बा खुणा करीत, आणि ती ते कागद ऑफिसच्या कपाटात नेऊन ठेवी. पण जे कुणाला नको आहे ते मोठ्याने वाचायचं, हे तिला जड जाऊ लागलं. मग "संध्याकाळी बसू" वाढत गेलं.

त्या दिवशीची संध्याकाळही तशीच गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे फजरच्या नमाजाला अब्बा उठले नाहीत.

चाळिसाव्या दिवसाचा फातिहा झाल्यावर तिने त्यांचे कागद काढले. शेवटच्या प्रुफावर सेहेचाळिसाव्या प्रश्नापाशी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'उत्तर ब नाही, क वाटतं. एकट्याने पाहिलं आहे. नाझनीनने वाचल्याशिवाय पक्कं धरू नये.'

तिने गणित सोडवून पाहिलं. उत्तर क येत होतं. ग्रुपवर जुने मेसेज चाळले. अर्धापूरच्या आदर्श नावाच्या पोराने तेव्हाच क म्हटलं होतं. बाकीच्यांनी त्याची टर उडवली होती, साडेतीनशे जणांनी ब ला अंगठा दिला होता, आणि जास्त अंगठे म्हणून तिने ब छापलं होतं. तो संच छापायच्या आधी अब्बांपुढे ठेवला असता तर?

ती आपल्या जागेवर बसली. समोर, त्यांच्या बाजूला, प्रूफ मांडलं, त्यावर पट्टी ठेवली. मूळ प्रत हातात धरून सेहेचाळिसावा प्रश्न वाचला. स्वल्पविराम, पूर्णविराम, चारी पर्याय, अब्बांना लागे तसा सावकाश. पट्टी जागची हलली नाही.

"अब्बा," ती मराठीतच म्हणाली, "हा संच छापून सहा महिने झाले. दोन वर्षं तुमचं एकही प्रूफ छापखान्यात गेलं नाही. पोरांकडून काम करून घेऊ, हे साहेबांना मीच सांगितलं होतं. तुमच्यासमोर बसून वाचत होते, तेव्हाही मला हे माहीत होतं."