राख तुमची, पूड माझी

भिगवणच्या मासळी बाजारात वाढलेल्या माणसाला आवाज खाली ठेवता येत नाही. माझे गाइड सर म्हणाले, "माफी माग आणि प्रयोग बंद कर," तेव्हा मी "नाही मागणार" इतक्या जोरात म्हणाले, की आमची बारामतीची अख्खी लॅब वळून बघायला लागली.

झालं होतं असं. ठिबकच्या नळ्यांत क्षार साचले की शेतकरी त्यातून ॲसिड सोडतात. नळ्या साफ होतात, पण लोखंडी पाइप आणि फिल्टर ॲसिड खाऊन टाकतं. मी उसाच्या चिपाडापासून कार्बनचे अतिसूक्ष्म कण केले आणि लोखंडाला चिकटून बसणारे रेणू त्यांना जोडले. ही पूड ॲसिडात मिसळली की लोखंडावर तिचा थर बसतो. कन्हेरीच्या दादासो तात्यांनी आपल्या शेतावर करून बघायला हौसेनं होकार दिला. आणि परवा त्यांनीच गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून टाकला, "सबिनाच्या काळ्या पुडीनं माजं डाळिंबाचं ठिबक तुंबलं. कुनी वापरू नगा."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. सरांना कॉलेजच्या नावाची काळजी, मला माझ्या कामाची. एकदा माफी मागितली की हे संशोधन कायमचं मेलं. मी कन्हेरीची एसटी धरली.

तात्या बांधावरच होते, तोंड फिरवून. मी तुंबलेला ड्रिपर उघडला. आत करडा गाळ.

"तात्या, माझी पूड काळी कुळकुळीत. हे काय हाय?"

त्यांची बायको सरुबाई खुरपं थांबवून म्हणाली, "तुज्या पुडीची बाटली संपली तवा ह्यांनी गुऱ्हाळाची राख कालवली."

"मग? दोन्ही चिपाडाचंच की," तात्या म्हणाले.

मला राग आला आणि हसूही. मी दोन ग्लास पाणी घेतलं, एकात त्यांची राख टाकली, दुसऱ्यात माझी पूड. राख तळाला बसली. पुडीचं पाणी कोऱ्या चहासारखं तसंच राहिलं. मग आणखी दोन ग्लासांतल्या पाण्यात त्यांच्याच कॅनमधलं ॲसिड जपून ओतलं, एकातच पूड घातली आणि दोन्हीत खिळा सोडला. नुसत्या ॲसिडात बुडबुडे उसळले. पुडीच्या ग्लासात चुकून एखादा वर येत होता.

तात्या बराच वेळ वाकून बघत राहिले.

"चुकलं पोरी. बाटली ठिवून जा."

"न्हाय ठेवत. एकट्यात चुकलं म्हणू नका. जितं बोललात तितंच बोला."

तात्यांनी सरुबाईकडं पाहिलं. तिनं फोन त्यांच्या हातात दिला.

"दादासो बोलतोय. माजं चुकलं. ठिबक तुंबलं ते माज्या राखंनं. पोरीची पूड चांगली हाय."

मेसेज गेलेला बघितला, तेव्हाच मी पिशवीतून बाटली काढून तात्यांना दिली. मग तोच आवाज सरांना पाठवला आणि खाली लिहिलं, "माफी हवी होती ना सर? ही घ्या."