डोळ्यांभोवतीचा पट्टा

नंदिनीला पाहायला पाहुणे येणार होते. फेशियलच्या आधी आठ दिवस उन्हात जायचं नाही, तोंडाला काही चोळायचं नाही, असं तालुक्याच्या मूल गावातल्या पार्लरवाल्या रीताताईंनी तिला दोनदा बजावलं होतं. नंदिनीने सगळं पाळलं. लिंबू चोळायला आलेल्या आईचा, रुखमाचा, हातसुद्धा तिने झटकला. पण हंगाम तेंदूपत्त्याचा, आणि त्या दिवसांत उन्हात न जाणारी पोर त्यांच्या गावात अजून जन्मायची होती. मग पानं तोडायला जाताना तिने दुपट्टा तोंडाला असा करकचून बांधला की फक्त डोळे उघडे राहिले. जंगलात ती पाणीही दुपट्ट्याआडूनच प्यायली.

आज पार्लरच्या खुर्चीत बसून तिने दुपट्टा सोडला. गाल-हनुवटी गव्हाळ, आणि डोळ्यांभोवती सालपटं निघालेला काळा पट्टा.

"जळलेल्या कातडीले मी हात लावत नाई, पोरी. पंधरा दिवसांनी ये."

"पाव्हणे उद्या येऊन राह्यले, ताई."

रीताताईंनी पुढच्या बाईला हाक मारली.

बाहेर पायरीवर बसलेल्या रुखमाने लेकीचं तोंड पाहिलं आणि उठून दुपट्टा होता तसाच पुन्हा बांधून दिला. दोघी बसस्टँडवर आल्या. मग रुखमा म्हणाली, "मान खाली घालूनच त बसा लागते. मागं दोन पाव्हणे नकार देऊन गेले, त्याईनं तरी तुह्यं तोंड कुठी पाह्यलं होतं?"