लाल कडं

धुकं इतकं अचानक उतरलं की खालचं तळं दिसेना आणि पुढे पळालेली माझी नात ब्रिनाही दिसेना. आमच्या स्लोव्हेनियातल्या डोंगरवाटांवर दगडावर पांढरा ठिपका आणि त्याभोवती लाल कडं रंगवलेलं असतं. तीच वाटेची खूण.

“आजोबा, खूण सापडली! या लवकर, गोगलगाय कुठले!”

आवाज डावीकडून आला. वाट उजवीकडे वळते. डावीकडे सरळ कडाच आहे.

पण ओरडलो असतो तर ती दचकून धावली असती.

“ब्रिना, आहेस तिथेच खाली बस. बसलीस? आता सांग, लाल कडं आहे का?”

दगडावर हात फिरवल्याचा आवाज आला.

“नाही. नुसतं पांढरं आहे. खरखरीत लागतंय.”

“ते दगडफूल आहे, बाळा. बसल्या बसल्या पुढे एक खडा टाक.”

बऱ्याच वेळाने खूप खाली पाण्यात डुबुक झालं.

“आजोबा,” आता तिचा आवाज बारीक झाला होता, “मी गोगलगाय होऊन मागे येऊ?”

“ये. रांगत, माझ्या आवाजाकडे.”

मी सातचा पाढा सावकाश म्हणू लागलो. सात सक बेचाळीसला तिचा गार हात माझ्या बुटाला लागला.