रस्ता वाडीच्या नावावर

आंबेशेतच्या ग्रामपंचायतीत त्र्यंबक वीस वर्षं लिपिक होता. खडवली स्टेशनपासून चार किलोमीटरवरच्या या गावाचे सगळे कागद त्याच्याच सुबक अक्षरात. रस्त्यासाठीची शिरगणतीही तीन वर्षांपूर्वी त्यानेच केलेली. पाचशे माणसं भरली तरच रस्ता मिळणार होता, आणि गावात भरली तीनशे ऐंशी. तेव्हा सरपंच परशुरामांनी त्याला ओढ्यापलीकडच्या कातकरी वाडीत धाडलं. तिथली दीडशे माणसं धरून आकडा पुरा झाला. डांबर पडलं, पण रस्ता वाडीला गेलाच नाही. देवळापाशी वळून तो फार्महाऊसच्या प्लॉटांकडे गेला.

"वाडीपर्यंत रिक्षा गेली की ती तिथूनच भरून येणार," परशुराम म्हणाले होते. "मग आपल्या बायकांनी काय त्यांच्या मांडीला मांडी लावून बसायचं?"

त्र्यंबकने मुकाट्याने ठराव लिहिला. वाडीच्या माणसाला रिक्षात घ्यायचं नाही, हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते लिहावं लागलंच नाही.

त्या मंगळवारी पुतणीच्या साखरपुड्यासाठी तो कल्याणला निघाला होता. साईनाथची शेअर रिक्षा देवळापाशी उभी होती. मागे सरपंचांची भावजय मालन आणि तिची सून, पुढे त्र्यंबक. मागची एक जागा रिकामी. एवढ्यात ओढ्याकडून वाडीतली कांता धावत आली. खांद्यावर चार वर्षांची पोर, मान टाकलेली.

"दादा, पोरीला झटके येतायत. खडवलीच्या दवाखान्यापर्यंत घ्या."

साईनाथने मागे पाहिलं. मालनने मांडीवरची पिशवी उचलून रिकाम्या जागेवर ठेवली. मग साईनाथ त्र्यंबककडे पाहू लागला. पंचायतीचा माणूस, तो 'बस' म्हणाला असता तर मालनही गप्प राहिली असती.

त्र्यंबकने घड्याळात पाहिलं. "गाडी चुकेल रे," तो म्हणाला.

साखरपुड्यात त्याला श्रीखंड गेलं नाही. संध्याकाळी खडवलीला उतरला, तेव्हा साईनाथ रिक्षाला टेकून उभा होता.

"ती पोरगी गेली, भाऊ. दवाखान्याच्या पायरीवरच. तिची आई चालत गेलेली."

त्र्यंबक रिक्षात बसला नाही. चार किलोमीटर चालला. मोकळ्या हातांनी चालायलाही त्याला तास लागला.

आठवड्याने, ग्रामसभेच्या दिवशी सकाळी तो कल्याणच्या पंचायत समितीत स्वतःच्या सहीचा तक्रारअर्ज देऊन आला, आणि दुपारी सभेत उभं राहून त्याची प्रत वाचू लागला. रस्ता वाडीच्या माणसांवर मंजूर झाला, तो आपण वळवला, ठराव माझ्या हातचा. परशुराम म्हणाले, "त्र्यंबक, खाली बस." तो बसला नाही.

"पोरीला रिक्षात घेतलं नाही. त्या रिक्षात मी होतो. जागा होती. मी बोललो नाही."

मालन पदर सावरून बाहेर गेली. तिच्यामागे चार-पाच जणी उठल्या. बाकीचे सतरंजीकडे पाहत राहिले.

वाडीची माणसं नेहमीप्रमाणे दाराबाहेर उभी होती. त्र्यंबक खुर्ची घेऊन कांताच्या सासूकडे, गंगुबाईकडे गेला. "आत या, बसा."

"बसाय नाय आलू," म्हातारी म्हणाली. "पोरीचं नाव घातलंस का कागदात?"

त्र्यंबकने कागद पाहिला. 'कांताची मुलगी' एवढंच लिहिलं होतं. आकडा भरताना त्याने वाडीत कुणाचंच नाव विचारलं नव्हतं.

त्याची मान वर होईना. "काय नाव होतं?"

गंगुबाईने मागे वळून पाहिलं. मागून कांता पुढे आली.

"शिवानी," ती म्हणाली. "लिही. माझ्यासमोर लिही."

दाराच्या चौकटीवर कागद टेकवून त्र्यंबक लिहू लागला. सुबक अक्षराच्या त्या माणसाला ती तीन अक्षरं नीट काढता येईनात.